आधी ट्यूब सुटू दे, मग वांगाचं बघू

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३४, दुसरं बाळंतपण होऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, तिने पंधरा दिवसांत चेहरा उजळला, म्हणून आठ महिने ती रोज लावली. आता दोन दिवस जरी थांबवली तरी चेहरा लाल होतो, जळजळतो आणि डाग पहिल्यापेक्षा गडद दिसतात. मानही काळी पडली आहे, घासून घासून निघत नाही. फेब्रुवारीत धाकट्या दिराचं लग्न आहे. कोणतं क्रीम लावू, की सरळ लेझर करून टाकू?

ताई, मी याच शहरात त्वचारोगांची प्रॅक्टिस करते. थंडी सुरू झाली आणि लग्नाच्या तारखा निघाल्या की हा प्रश्न थोड्याफार फरकाने माझ्याकडे रोज येतो. चेहरा न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या वर्णनावरून केलेला अंदाज समजा. पण वर्णन इतकं स्वच्छ आहे की एक गोष्ट ठामपणे सांगते. तुमच्या चेहऱ्यावर एक नव्हे, दोन दुखणी आहेत आणि मानेवर तिसरं. तिघांना मिळून एक क्रीम शोधलं तर ते सापडणार नाही. शिवाय सध्या तुम्हाला छळतंय ते दुखणं डागांचं नाही, ट्यूबचं आहे.

ट्यूबची मागची बाजू बघा. बहुतेक तिथे तीन नावं असतील: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. मोमेटासोनच्या जागी फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलही असू शकतं. हे तिसरं नाव स्टेरॉइडचं. स्टेरॉइड त्वचेतला दाह दाबतं, बारीक रक्तवाहिन्या आकसवतं आणि रंगपेशींचं कामही थोडं मंदावतं, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा गोरा आणि तुकतुकीत दिसतो. शेजारीण विचारते, काय लावतेस गं? मग ती पण आणते. काही महिन्यांनी त्वचा पातळ व्हायला लागते, गालांवर लाल तंतूसारख्या रक्तवाहिन्या दिसतात, हनुवटीवर केस येतात, मुरमं उठतात, उन्हात गेलं की चेहरा पेटतो. बंद केलं की दाबून ठेवलेला दाह एकदम वर येतो. तो थांबवायला बाई पुन्हा तीच ट्यूब लावते, आणि आराम पडतो म्हणून तिला वाटतं, औषध लागू पडतंय.

या तीन औषधांचं मिश्रण मुळात वाईट नाही, हेही सांगायला हवं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन यांनी १९७५ मध्ये ते मांडलं, आणि वांगावर, म्हणजे चेहऱ्यावरच्या अशा तपकिरी डागांवर, आजही त्याच्या तोडीचं फारसं काही नाही. मीसुद्धा लिहून देते. पण सौम्य स्टेरॉइडचं, फक्त रात्री, फक्त डागावर, साधारण सहा ते आठ आठवडे, आणि बंद कधी करायचं ते पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहून. मेडिकलच्या काउंटरवर हा शेवटचा भाग गळतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइडयुक्त मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी महाराज बाड्याच्या बाजारातून सहज चक्कर मारली तर काय मिळतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

तर पहिलं काम ट्यूब सोडवणं. उद्यापासून एकदम फेकून द्या असं मी म्हणणार नाही. आठ महिने रोज लावलेलं स्टेरॉइड एका झटक्यात तोडलं तर काहींचा चेहरा इतका सुजतो, की घाबरून त्या पुन्हा त्याच ट्यूबवर जातात. कुणाला कसं सोडवायचं ते ट्यूबमधल्या स्टेरॉइडच्या ताकदीवर आणि त्वचेच्या अवस्थेवर ठरतं. माझी नेहमीची पद्धत अशी: जोरकस स्टेरॉइडच्या जागी काही दिवस अगदी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन, मग एक दिवसाआड, मग बंद. सोबत टॅक्रोलिमसचं मलम, ते स्टेरॉइड नसूनही दाह आवरतं. पहिले काही दिवस ते स्वतःच चुणचुणतं, हे आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर लोक दुसऱ्या दिवशी बंद करतात. पुळ्या खूप असतील तर काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. बाळ अजून अंगावर पीत असेल किंवा पुन्हा दिवस जाण्याचा विचार असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, औषधं बदलतात.

या काळात चेहऱ्यावर तीनच गोष्टी हव्यात: फेस न होणारं सौम्य क्लेन्झर, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. व्हिटॅमिन सी सीरम, ग्लायकोलिक, पील, फेशियल, ब्लीच सगळं बंद. मुलतानी मातीसुद्धा नको, ती आधीच कोरड्या झालेल्या त्वचेला आणखी ओढते. आणि लिंबू तर कधीच नको. लिंबाचा रस भयंकर आंबट आहेच, शिवाय त्यातली काही द्रव्यं उन्हात त्वचेला भाजतात, आणि भाजल्याचा डाग वांगापेक्षा काळा पडतो. बेसन-दह्यावर माझा राग नाही, पण ते वाळल्यावर रगडून काढण्यावर आहे.

पहिले दोन-तीन आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. घरात कुणी म्हणेल, डॉक्टरकडे जाऊन बिघडवून आलीस. त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा.

आता मूळ दुखणं. गालांवर दोन्हीकडे सारखे, वरच्या ओठावर, गर्भारपणात किंवा त्यानंतर आलेले तपकिरी डाग म्हणजे बहुतेक वेळा वांग, इथल्या बोलण्यात झाई. त्यामागे तीन कारणं हातात हात घालून येतात: घराण्याची वळणं, संप्रेरकं आणि प्रकाश. पहिलं आपल्या हातात नाही. दुसरं थोडं आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तांबी किंवा दुसरा उपाय निवडता येतो. थायरॉइडचा त्रास वांग असलेल्यांमध्ये तुलनेने जास्त आढळतो, म्हणून मी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घेते. तिसऱ्या कारणावर, प्रकाशावर, आपलं सर्वांत जास्त चालतं, आणि नेमकं तिथेच आपण सर्वांत ढिले असतो.

डाग त्वचेच्या कोणत्या थरात आहे यावर बरंच अवलंबून असतं. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी आणि कडा ठळक. तो औषधाला चांगली दाद देतो. रंगद्रव्य खालच्या थरात उतरलं असेल तर डाग राखाडी-निळसर दिसतो. तिथे रंग गोंदणासारखा बसलेला असतो, वरून लावलेलं क्रीम तिथवर जेमतेम पोचतं. बहुतेकांचं दोन्ही मिळून असतं. दवाखान्यात आम्ही वुड्स लॅम्पच्या अतिनील दिव्याखाली किंवा डर्मोस्कोपच्या भिंगातून बघतो तो हाच फरक. म्हणून मैत्रिणीचे डाग दोन महिन्यांत गेले आणि माझे का नाहीत, याचं उत्तर पुष्कळदा क्रीमच्या किमतीत नसतं, थरात असतं.

इथे ग्वाल्हेरची एक खास गोष्ट. आपण मोहरीच्या पट्ट्यात राहतो. मराठी घरांतही आता थंडीत मोहरीच्या तेलाने मालिश होते, केसांना लावलं जातं, काहीजणी हाता-पायांबरोबर चेहऱ्यालाही चोळतात. कपाळाच्या कडा, कानशिलं, कानापुढचा भाग आणि मान असे राखाडी-काळसर डाग असतील, मधूनच किंचित खाज असेल, तर तो वांग नसून लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस नावाचा निराळा त्वचारोगही असू शकतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना त्यात मोहरीच्या आणि आवळ्याच्या तेलावर बऱ्याच काळापासून संशय आहे. केसांचा काळा रंग, विशेषतः पीपीडी हे रसायन असलेला, आणि वासाची सौंदर्यप्रसाधनंही अशी काळपट झाक आणतात. हलक्या प्रतीच्या कुंकवाने कपाळाच्या मध्यभागी काळा ठिपका उरतो, तर टिकलीच्या गोंदाने उलटा, पांढरा डाग पडू शकतो. म्हणून मी सगळ्यांना डोक्याला काय लावता हे विचारते. प्रश्न गालाचा असला तरी.

मानेचं मात्र निराळं. मखमलीसारखी जाड, काळी, मळकट दिसणारी मान, बरोबर काखेतही तसंच, कधी बारीक चामखिळी. हा मळ नाही. शरीरात इन्सुलिनचा परिणाम नीट होत नसल्याची ती बाहेर दिसणारी खूण असते. तुम्ही घासणीने घासाल तितकी ती आणखी जाड आणि काळी होईल. रक्तातली साखर, एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी), वजन आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएस, म्हणजे बीजांडकोषांचा संप्रेरकांशी जोडलेला त्रास, एवढं तपासा. वजन थोडं उतरलं की मान हळूहळू उजळते, क्रीमचा त्यात वाटा लहान. बोटांच्या सांध्यांवरही काळपट झाक असेल आणि घरात शुद्ध शाकाहार असेल तर बी१२ही बघून घ्या. त्या कमतरतेने सांधे काळे पडतात आणि भरून काढली की बऱ्याच अंशी उजळतात.

आत्तापर्यंतचा हिशोब असा: ट्यूब हळूहळू सोडवायची, चेहरा शांत होऊ द्यायचा, मानेसाठी रक्त तपासायचं. वांगाची औषधं त्यानंतर. पण प्रकाशाचा बंदोबस्त पहिल्या दिवसापासून.

सनस्क्रीन लावते, तरी फरक नाही, हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकते. विचारलं तर कळतं, वाटाण्याएवढं घेतात, सकाळी एकदा, तेही बाहेर जायचं असेल तरच. चेहरा आणि मान मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा ओढता येतील एवढं लागतं. एसपीएफ ३० किंवा ५०, आणि पीएपुढे किमान तीन अधिक चिन्हं. एसपीएफ ३० नीट जाड लावलं तर यूव्हीबीचा, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या अतिनील किरणांचा, साधारण ९७ टक्के भाग अडतो. अर्धं लावलं की हिशोब कोसळतो. घरात असलात तरी सकाळी आणि दुपारी, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी. खिडकीची काच यूव्हीबी बरंचसं अडवते, पण यूव्हीए, म्हणजे त्वचेत खोलवर जाणारी अतिनील किरणं, आत येऊ देते.

वांगाला नुसती अतिनील किरणं नव्हे, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही भडकवतो, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत जास्त. पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन हवं. डाग झाकणं आणि डागाचा बचाव, दोन्ही एकाच थरात होतं. लग्नघरात हे फार उपयोगी.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा सगळेच चेहरा झाकतात. माझ्या पेशंटचे डाग हटकून वाढतात ते डिसेंबर-जानेवारीत. धुकं ओसरलं की गच्चीवर चटई, मटार सोलायला, मेथी निवडायला, स्वेटर विणायला, दोन-दोन तास चेहरा उन्हाकडे करून. ऊन बोचत नाही म्हणून कुणाला ते मोजावंसं वाटत नाही, पण यूव्हीए थंडीतही असतं आणि ढगांतून, धुक्यातूनही येतं. बसा, जरूर बसा. पाठ उन्हाकडे करा, बाह्या वर घ्या, व्हिटॅमिन डी हातांना आणि पाठीलाही मिळतं. चेहरा सावलीत ठेवा. स्कूटीवर पातळ चुन्नी गुंडाळता त्यातून बराच प्रकाश आत येतो. गडद रंगाची, घट्ट विणीची चुन्नी घ्या आणि तिच्याखालीही सनस्क्रीन लावा. गॅससमोरच्या धगीचाही वांगाला थोडा हातभार लागतो. पोळ्या करणं थांबवा असं कोण सांगणार, पण एक्झॉस्ट चालू ठेवा आणि वाकून उभं राहू नका.

मग औषधं. चेहरा शांत झाला की, म्हणजे जळजळ पूर्ण थांबून काही आठवडे गेले की, मी सहसा अझेलेइक ॲसिडपासून सुरुवात करते, दहा ते वीस टक्के. ते हळू चालतं, पण स्टेरॉइडने थकलेल्या त्वचेला आणि मुरमांना दोन्हीला मानवतं, गर्भारपणातही चालतं. बरोबर चार-पाच टक्के नियासिनामाइड. मग गरज पडली तर नुसतं हायड्रोक्विनोन, ठरावीक मुदतीत, तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त सलग नाही. ते वर्षानुवर्षं लावलं तर ओक्रोनोसिस नावाचा निळसर-काळा डाग बसतो, आणि तो घालवणं वांगापेक्षा अवघड. ट्रेटिनॉइन रात्री, थोडं थोडं. गर्भारपणात ते आणि हायड्रोक्विनोन दोन्ही नाही.

हट्टी वांगाला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. हे मुळात रक्तस्राव थांबवायचं औषध. वांगावर त्याचा उपयोग होतो हे जपानमध्ये १९७९ मध्ये पहिल्यांदा नोंदवलं गेलं. मी साधारण अडीचशे मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, काही महिने देते. पण रक्ताच्या गुठळीचा, पक्षाघाताचा, हृदयविकाराचा पूर्वेतिहास असेल किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर देत नाही. जाऊबाईला चिठ्ठीवर मिळालेल्या गोळ्या तुम्ही घेऊ नका, एवढंच.

नाव-गाव नसलेल्या डबीतली गोरेपणाची क्रीमं, बाहेरच्या देशातून आणलेली म्हणून कुणी भेट दिलेली, अजिबात नको. त्यात पारा असू शकतो. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय मिनामाता करारात आधी प्रसाधनांतल्या पाऱ्याला एक पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत एक भागाची, मर्यादा होती; २०२३ मध्ये ती सवलतही काढून टाकायचं ठरलं. या क्रीमांत पारा त्या एक पीपीएमच्या कितीतरी पट असू शकतो. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या आजाराचे काही पेशंट सापडले, त्यांचा धागा अशाच क्रीमांपर्यंत गेला. गोरेपणासाठीची ग्लुटाथायॉनची इंजेक्शनं मी देत नाही.

किती वेळ लागेल? वरचा थर बदलायलाच महिनाभर जातो, त्यामुळे कोणत्याही औषधाचा खरा अंदाज आठ ते बारा आठवड्यांनी येतो. बारा आठवडे म्हणजे तुमच्या घरचं लग्न आलंच, आणि त्यातला पहिला बराच काळ ट्यूब सोडवण्यात जाणार. म्हणून मोकळेपणाने सांगते: फेब्रुवारीपर्यंत डाग जाणार नाहीत. चेहरा शांत, लाली उतरलेला आणि मेकअप नीट बसेल असा होऊ शकतो, तेवढं लक्ष्य ठेवा. डागावर आधी पीच रंगाचा करेक्टर, वर फाउंडेशन. नवा मेकअप महिनाभर आधी कानामागे लावून बघा. हळदीच्या दिवशी नवरदेवाबरोबर वहिनीलाही हळद फासतातच, ती हातांवर घ्या, गाल वाचवा. वरच्या ओठाचं थ्रेडिंग लग्नाच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी करा. तिथली त्वचा दुखावली की मागे काळी रेघ उरते.

लेझरबद्दल. स्टेरॉइडने पातळ झालेल्या चेहऱ्यावर आत्ता कुणी लेझर करतो म्हणालं तर उठून या. पुढेही वांगावर लेझर हा माझा पहिला उपाय नसतो. क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझर कमी ताकदीने, जपून दिलं तर काहींना फायदा होतो, पण थांबवल्यावर डाग परत येणं नेहमीचं आहे. ताकद चुकली तर उलट जास्त काळे डाग, किंवा मधूनच पांढरे ठिपके पडतात. वांग कायमचं पुसून टाकू असं लिहिलेलं पॅकेज घेऊ नका. वांग ताब्यात ठेवता येतं, रक्तदाब ठेवतो तसं, थोडं कमी-जास्त होत. तुमच्या मुरमांच्या किंवा थ्रेडिंगच्या जागी राहिलेले सुटे डाग मात्र निराळे. ते काही महिन्यांत आपोआपच फिके होतात, त्यांच्यासाठी वेगळा खर्च करायची गरज नाही.

खाजगीत दाखवायचं नसेल तर जयारोग्य या सरकारी रुग्णालयाच्या चर्मरोग ओपीडीत जा, हे सगळं तिथे बघतात. जाताना आठ महिन्यांत वापरलेल्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, केसांच्या रंगाचं खोकं, डोक्याचं तेल आणि चालू गोळ्या पिशवीत घालून न्या. बाळंतपणाआधीचा, फिल्टर न लावलेला एखादा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. चेहऱ्यावर त्या दिवशी सनस्क्रीनसुद्धा लावू नका, स्टोल बांधून या. आणि ट्यूब किती महिने लावली तो आकडा कमी करून सांगू नका, तुमचं औषध त्यावरच ठरणार आहे.